विचारलं असतं तर

नालचिक, २८ एप्रिल १९७९

दाखानागो आत्यास झामीरचा सलाम.

तू, गाय आणि छप्पर तिघंही धड आहात असं समजतो. तसं नसतं तर तुझं पत्र माझ्याआधी येऊन धडकलं असतं. फोनच करणार होतो, पण तुमच्या गावचा एकुलता एक फोन शेतीसंघाच्या कचेरीत, आणि त्याच्याभोवती बसणारी मंडळी अशी, की आपण 'हॅलो' म्हणायच्या आत आपल्या भानगडींवर त्यांचं एकमत झालेलं असतं. म्हणून लिहितोय.

माझे मार्गदर्शक गेरमान ओस्कारोविच मेअखेरीस लेनिनग्राडहून येताहेत. गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडून त्यांना वाक्यं ऐकायची आहेत. जर-तरची वाक्यं. मी चार वर्षं कशावर काम करतोय हे तू दर खेपेला विचारतेस, आणि मी सांगायला लागलो की तुला चुलीवर काहीतरी जळाल्याचा वास येतो. आता पत्रातच सांगतो, म्हणजे उठून जाता येणार नाही.

आपल्या भाषेत 'जर'साठी सुटा शब्द लागत नाही. ते क्रियापदाच्या शेवटी शेपूट म्हणून लागतं. त्या शेपटाच्या अलीकडे काय काय बसतं, तो माझा विषय. गोष्ट घडून गेली की घडायची आहे, काम उरकलं की चालूच आहे, आणि घडण्याची आशा उरली आहे का, हे सगळं आपला माणूस एका क्रियापदात सांगून मोकळा होतो. 'तो आला तर' म्हटलं की चहाचं आधण ठेवायचं. 'तो येत असेल तर' म्हटलं की खिडकीतून डोकवायचं. 'तो आला असता तर' म्हटलं की कप उचलून ठेवायचे. माझं म्हणणं, हे भेद पक्के आहेत आणि आपल्याकडचं शेंबडं पोरही त्यात चुकत नाही. सरांचं म्हणणं, हे भेद शाळेत रशियन शिकलेल्यांनी आणले. जुनी माणसं काळवेळेची फिकीर न करता एका रूपाच्या जागी दुसरं खुशाल वापरतात. यावर त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी पुस्तक लिहिलंय, त्यामुळे ते खरं ठरणं त्यांना भाग आहे.

जुनं माणूस म्हणजे अर्थात शेजारचे बारासबी आजोबा. त्यांना आणि आणखी चार वडीलधाऱ्यांना आपल्या घरी जेवायला बोलाव. जेवण साधंच ठेव. सर पोटाने नाजूक आहेत.

जान्सुरात बरी आहे ना? सहज विचारतोय.

तुझा,
झामीर

*

मालकेकाठ, ६ मे

झामीर,

जेवण साधं ठेव म्हणे. लेनिनग्राडहून पाहुणा येणार आणि मी त्याला साधं वाढणार, म्हणजे त्यानंतर मला या गावात राहायचंच नाही का? मेंढा ठरला आहे. त्याचं पोट नाजूक असेल तर ते त्याने घरी ठेवून यावं.

आता तुझ्या 'सहज'बद्दल. दोन वर्षं तू बारासबीच्या नातीची सहज चौकशी करतो आहेस. काल ती आपल्या गायीला बघायला आली होती. कासेला हात लावला, डोळ्यांत बघितलं आणि चहा गार व्हायच्या आत निकाल दिला. पशुवैद्य असावा तर असा. तुझं मात्र 'प्रबंध झाला तर मागणी घालीन', 'नोकरी कायम झाली तर घालीन'. चार वर्षांत तुझ्या विषयाने दुसऱ्या कुणाचं भलं केलं असेल नसेल, तुला सबबी पुरवल्या खऱ्या.

मी तिला सरळच विचारलं. ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते, तू भाषेचा माणूस आहेस म्हणून. ती म्हणाली, "आत्या, माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून आजोबांसमोर एक शब्द बोललेली नाही. बाबा बोलत नाहीत, ते मान हलवतात. मी त्या घरातून उठून आणखी एका मान हलवणाऱ्याच्या घरी कशाला जाऊ? झामीर आजोबांसमोर एकदा, एकच वाक्य स्वतःचं बोलू दे. मी बूट घालून तयार आहे."

तुला तिच्या आईचं, हाइजानचं, माहीत आहे, पण तू शहरात राहून विसरला असशील म्हणून पुन्हा सांगते. सून सासऱ्यासमोर बोलत नाही हे ठीक, मीही माझ्या सासऱ्यासमोर बोलले नव्हते. पण वर्षभरात सासरा जेवण घालतो, सुनेला काहीतरी भेट देतो आणि म्हणतो, बोल बाई आता. बारासबीने ते केलंच नाही. पहिल्या वर्षी कापणी होती. मग बायको गेली, दुखवटा आला. मग गोठा पडला. मग त्याच्या लक्षात आलं की घर छान शांत आहे. विसाहून जास्त वर्षं झाली, हाइजान मांजराला सांगते, "मनी, म्हाताऱ्यांना सांग, जेवण वाढलंय." मांजरसुद्धा दोन मरून तिसरं आलं.

तर तुझे सर येऊ देत. तूही ये, आणि तोंड घेऊन ये.

तुझी आत्या

*

नालचिक, २ जून

आत्या,

तू दिवसभर स्वयंपाकघरात होतीस, म्हणून बाहेर काय झालं ते लिहितो. अजून माझे कान तापलेले आहेत.

मी कुठे होतो ते तुला ठाऊक आहे. दाराशी, हातात बाजरीच्या दारूची, मखसिमाची सुरई घेऊन. घर माझं, पाहुणे माझे, प्रबंध माझा, पण वडीलधारी बसलेली असताना मी बसणार कसा? आजोबा वरच्या टोकाला, त्यांच्या पुढ्यात मानाचं म्हणून मेंढ्याचं अर्धं डोकं, शेजारी सर. दोन पेले झाल्यावर सरांनी वही काढली.

"बारासबी," सर म्हणाले, "'काल पाऊस पडला तर गवत वाळलं नसतं', असं तुम्ही लोक म्हणता का?"

आजोबांनी हातातला तुकडा खाली ठेवला. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं की मला वाटलं, आता म्हणतील, बाबा रे, हे कुठून आणलंस. पण त्यांनी सरांकडे बघितलं. एवढ्या लांबून आलेला माणूस, टाय लावलेला, घामाघूम.

"म्हणतात की," आजोबा म्हणाले.

"आणि 'उद्या घोडा आला असता तर बांधीन'?"

"हेही म्हणतात."

झालं. एकदा वरच्या टोकाने म्हटलं, मग खालच्यांचा प्रश्नच मिटला. मेंढपाळ ल्योल्या म्हणाला, त्याच्या आजोळी तर सर्रास असंच म्हणतात. पिठाच्या गिरणीवाल्याने पुढे होऊन आपलं स्वतःचं एक तसलंच वाक्य बनवून दिलं, 'परवा लग्न झालं असतं तर नाचीन', पाहुण्याला कमी पडू नये म्हणून. सर लिहून घेत होते. त्यांचा आनंद बघवत नव्हता.

मोटारीत मला म्हणाले, "तुमचे लोक किती मोकळेपणाने सहकार्य करतात. तुमचा कान मात्र शहराने बिघडवला. दुसरं प्रकरण पुन्हा लिहा."

मी बोलणार होतो, आत्या. खरंच बोलणार होतो. आजोबांनी माझ्याकडे एकदा बघितलं असतं तर बोललोच असतो. पण ज्याच्या शब्दाखातर चार म्हातारे खोटं बोलले, त्याला मी दाराशी उभा राहून खोटं पाडू कसा? आणि ते आजोबा कुणाचे आहेत हेही विसरता येत नाही.

झामीर

*

मालकेकाठ, ९ जून

झामीर,

ते कुणाचे आजोबा आहेत म्हणून तू गप्प बसलास, आणि त्यांची नात तू गप्प बसतोस म्हणून थांबली आहे. शाबास. असा गुंता कुणी मुद्दाम घालायला बसलं तरी जमणार नाही.

तू सांगतोस ते सगळं आम्ही भिंतीपलीकडून ऐकलं. 'उद्या घोडा आला असता तर' ऐकून हाइजान डोक्याच्या रुमालाने तोंड दाबून तळणीपाशी खाली बसली. मी म्हटलं, लाकुम जळतील बाई, ऊठ. तिला उठता येईना. तेव्हापासून गावात दुसरं बोलणंच नाही. काल पोस्टातली बाई म्हणाली, "दाखानागो, उद्या तुझं पत्र आलं असतं तर देईन." दुधाच्या गाडीवाल्याला मी विचारलं, कधी येणार, तर म्हणतो, "परवा आलो असतो तर येईन." शाळेतली पोरं आंघोळ टाळायला तुझ्या सरांची वाक्यं वापरतात. सगळ्या गावाला माहीत आहे की ते चुकीचं आहे. ल्योल्याला माहीत आहे, गिरणीवाल्याला माहीत आहे, बारासबीला तर सगळ्यांत चांगलं माहीत आहे. त्याच्याइतकं नेटकं बोलणारा मालकेकाठी दुसरा नाही. त्याने पाहुण्याचं मन राखलं, बाकीच्यांनी त्याचं मन राखलं. मन राखायचं राहिलं ते फक्त तुझं, आणि ते तू स्वतःही राखलं नाहीस.

जान्सुरात त्या दिवशी आमच्याबरोबर भांडी विसळत होती. तुझ्याबद्दल काही म्हणाली का, असं तू पुढच्या पत्रात सहज विचारशील, म्हणून आताच सांगते. म्हणाली, "त्याने सुरई छान धरली होती."

तुझ्या सरांना पत्र लिही. कागदावर आजोबा बसलेले नसतात.

आत्या

*

नालचिक, २० जुलै

आत्या,

तू समजतेस तितकं ते सोपं नाही. सरांना 'गावाने तुम्हाला बनवलं' असं लिहिलं तर तो आजोबांचा अपमान, आणि 'तुमचं पुस्तक चुकलं' असं लिहिलं तर तो सरांचा. मी तिसरी वाट काढली. लिहिलं की आपण फक्त पुरुष ऐकले, बायकांची बोली तपासायची राहिली. हे कुणालाच लागत नाही. सरांना पटलं, किंवा तुझा मेंढा आठवला असेल. सप्टेंबरात पुन्हा येताहेत.

दरम्यान मी दुसरं प्रकरण दोन्ही तऱ्हांनी लिहून ठेवलं आहे. एकात ते बरोबर आहेत, एकात मी.

जान्सुरातला सांग, मी प्रयत्न करतोय.

झामीर

*

मालकेकाठ, १२ सप्टेंबर

झामीर,

दोन्ही तऱ्हांनी लिहून ठेवलंस हे मी जान्सुरातला सांगितलं नाही. आपलं माणूस म्हणून एवढं तुझ्यासाठी केलं.

या खेपेला जेवण बारासबीकडे. हटून बसला आहे. "पाहुणा एकदा तुमच्याकडे जेवला, आता माझा मान." गेदलिब्झेच्या रश्श्यासाठी कोंबड्यांवर खुणा करून झाल्या. मी येऊ शकत नाही. नासपती काढताना शिडीवरून पडले, पाय सुजलाय. जान्सुरातने तपासला आणि म्हणाली, घोडा असता तर गोळी घालावी लागली असती, तुम्ही आठवडाभर पडून राहा. ते वाक्य मात्र अगदी बरोबर होतं, तुझ्या सरांना दाखव.

मला सगळं लिहून कळव. बायका तुकड्यातुकड्याने सांगतात आणि जी ती मधला तुकडा स्वतःचा घालते.

आत्या

*

नालचिक, ३० सप्टेंबर

आत्या, माझी लाडकी आत्या,

जिंकलो. बस, आधी हेच लिहायचं होतं. आता क्रमाने सांगतो.

जेवणं निम्मी झाली, तेव्हा सर आजोबांना म्हणाले, "तुमच्या घरातल्या बाईमाणसाकडून एखादं वाक्य ऐकायला मिळालं तर फार उपकार होतील."

सगळे चमचे थांबले. हसनबी, म्हणजे जान्सुरातचे वडील, माझ्या शेजारी उभे होते, ते भिंतीला चिकटले. घरात बाईमाणूस एकच मोठं, आणि तिला तर बोलायची सोय नाही. आजोबा अडचणीत सापडले. पाहुण्याने काही मागितलं आणि नाही म्हटलं, असं त्यांच्या आयुष्यात झालं नसेल. त्यांनी मिशांवरून हात फिरवला, दोनदा खाकरले आणि दाराकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, इकडे ये. पाहुण्यांना बोलून दाखव. माझी परवानगी आहे."

हाइजानकाकू उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं. तिच्यामागे जान्सुरात, हातात ताट तसंच. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, नाहीतर सुरई पडली असती.

"काहीही सांगा," सर म्हणाले. "जर-तरचं कुठलंही. सुचेल ते."

काकूने जमिनीकडे बघत हाताचं पीठ पुसलं. मला वाटलं, आवाजच राहिला नसेल. मग ती बोलली. आवाज जाडसर आहे तिचा, आत्या, माझी कल्पना वेगळी होती.

"इतक्या वर्षांत कुणी विचारलं असतं," ती म्हणाली, "तर सांगितलं असतं."

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो फक्त व्याकरणामुळे नव्हे. हसनबींनी डोळे मिटले. सर मात्र खुशीत होते, त्यांची पेन्सिल धावत होती. "वा. आणि हेच तुम्ही 'कुणी विचारलं तर सांगितलं असतं' असंही म्हणू शकता, होय ना?"

"नाही," काकू म्हणाली. "तसं कुणीच म्हणत नाही. पहिल्यात विचारण्याची वेळ गेली. दुसऱ्यात अजून विचारता येतं, मग 'असतं' कशाला लावू? घोड्याचं आणि पावसाचंही कुणी तसं म्हणत नाही. मामंजी म्हणत नाहीत. तुम्ही पाहुणे, म्हणून त्यांनी तुमचं मन राखलं."

आता काय होतं, असं वाटलं. आजोबा खाली बघत होते. मग त्यांच्या खांद्यांना हलका हिसका बसला, आणि आम्हाला कळायला थोडा वेळ गेला की ते हसताहेत. "मन राखलं," ते म्हणाले, "ते खरं आहे." त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या बायकोची रेशमी शाल पेटीतून आणवली आणि काकूच्या हातात दिली. एवढ्या वर्षांची राहिलेली भेट.

सरांनी वही मिटली, चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळले. "झामीर, तुमचं काय मत? यांचं बरोबर?"

तो माझा क्षण होता. मी आजोबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मग मी अगदी ठामपणे, सगळ्यांसमोर म्हणालो, "होय. यांचं बरोबर आहे. मी हेच चार वर्षं म्हणतोय."

सरांनी मानलं. माणूस मोठा, यात शंका नाही. जाताना म्हणाले, त्यांना अशा एका वाक्यासाठी पुस्तक बदलायला आवडेल. आता त्या प्रकरणाची सरांची तऱ्हा फाडून टाकली, माझी ठेवली. डिसेंबरात प्रबंध परीक्षकांसमोर जाईल, आणि मग मागणीचं तू काकालोकांना सांगून ठेव. जान्सुरातने एक वाक्य मागितलं होतं, मी तीन बोललो.

तुझा झामीर

*

मालकेकाठ, ९ ऑक्टोबर

झामीर,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हाइजानसाठी रडले. दुसऱ्यांदा बारासबीच्या हसण्यावर हसले. तिसऱ्यांदा तू दिसलास.

तू आजोबांकडे बघितलंस, त्यांनी मान हलवली आणि मग तू ठाम झालास. हे तू अभिमानाने लिहितोस. जान्सुरातने मला नेमकं एवढंच सांगितलं होतं, पण तिच्या सांगण्यात 'ठामपणे' नव्हतं. मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, पोरगं आईबापाविना वाढलं, वडीलधाऱ्यांना धरून राहतं, एकदम कुठून सुटणार? म्हटलं, कागदावर बघ तू त्याला, तिथे त्याच्यासमोर कुणाचं तोंड नसतं, तिथे तो सरळ लिहील. ती मग म्हणाली, "बरं. छापून आलं की वाचते."

हाइजान आता बोलते. फार नाही. परवा सासऱ्याला म्हणाली, "चहा घ्याल का?" आणि म्हाताऱ्याने दचकून घेतला. मांजराला काही काम उरलेलं नाही.

तिचं वाक्य नीट लिही. नाव हाइजान, बितोकोवांची सून, माहेर बाक्सानकडचं. विसरशील म्हणून कळवते.

आत्या

*

नालचिक, १५ जानेवारी १९८०

आत्या,

प्रबंध एकमताने मंजूर झाला. एकही विरोधी मत नाही. सरांनी पुढे केलेल्या पेल्यांमुळे तुला आधी लिहिता आलं नाही, माफ कर.

सोबत सारांशाच्या छापील पुस्तिका पाठवतोय. एक तुला, एक आजोबांना, एक जान्सुरातला. पहिल्या पानावर आभारात तुझं नाव आहे. हाइजानकाकूचं वाक्य अठराव्या पानावर, मुख्य पुरावा म्हणून, ठळक अक्षरांत. परीक्षकांपैकी एक म्हणाले की असं सुंदर उदाहरण त्यांनी कुठल्याच भाषेत बघितलं नाही.

एक तांत्रिक बाब. प्रत्येक वाक्याखाली बोलणाऱ्याचं नाव आणि वय छापावं लागतं. परक्या गावी, परक्या पुरुषांच्या हातात सुनेचं नाव फिरणार, ते आजोबांना चालेल का, म्हणून मी त्यांना पत्र लिहून विचारलं. ते म्हणाले, घरातून बाहेर गेलेला शब्द घरच्या वडीलमाणसाच्या नावाने जातो, रीत तीच. तेव्हा वाक्याखाली त्यांचं नाव घातलं. शास्त्राचं यात काही बिघडत नाही, वाक्य तेच आहे. आणि नातजावयाच्या गोष्टी चालल्या असताना त्यांचा मान राहिला तर आपलंच भलं. जान्सुरातलाही आवडेल, तिच्या आजोबांचं नाव लेनिनग्राडात छापून आलं.

काकालोक फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मागणी घेऊन जातील. तू हाइजानकाकूला तेवढं कानावर घाल.

आता सबब उरली नाही, बघ.

तुझा झामीर

*

मालकेकाठ, ५ फेब्रुवारी

झामीर,

तुझे काका रविवारी बारासबीकडे जाऊन आले. तुला ते म्हणतील, जरा अडचण आली, पुढे बघू. ते तुझं मन राखतील. म्हणून मी लिहिते आहे.

बारासबी खूश होता. पुस्तिका त्याने टेबलावर उभी करून ठेवली होती, आल्यागेल्याला दिसावी म्हणून. काकांनी मागणी घातली, त्याने लगेच हो म्हटलं, आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाला, पोरीला विचारा. तुला माहीत आहे, पोरीला विचारायचं ते मला धाडून, आणि पोरीने गप्प राहायचं, म्हणजे तो होकार. मी आत गेले. पण ती माझ्या अंगावरून बाहेर निघून गेली. चार पुरुष बसले होते, त्यांच्यासमोर, आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. टेबलावरची पुस्तिका उचलली, अठरावं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. "इतक्या वर्षांत कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं. बारासबी बितोकोव, वय चौऱ्याऐंशी."

मग म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कुणी विचारायचं राहिलं होतं?"

मला वाटतं, नाव घालताना काय होतंय हे म्हाताऱ्याला त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं. तो वाईट नाही. त्याला कुणी कधी नाही म्हटलेलं नाही, एवढंच. तू पत्र लिहून विचारलंस, त्याने रीतीचं उत्तर दिलं. तू विचारलंच नसतंस आणि नाव छापलं असतंस, तर तो दोन दिवस फुरंगटला असता आणि तिसऱ्या दिवशी तीच पुस्तिका टेबलावर उभी केली असती.

तुझ्या काकांकडे वळून ती म्हणाली, "झामीरला सांगा, हे माझ्या आईचं आहे. त्याखाली आईचं नाव असतं, तर मी आले असते." आवाज चढवला नाही. गायीचा निकाल देते तसाच दिला. मग आत येऊन माझ्याजवळ बसली आणि खूप रडली, हेही तुला कळलेलं बरं. तिने तुझी दोन वर्षं वाट बघितली होती. तू तिला आवडत होतास.

तू लिहिशील, मी पुन्हा विचारीन, समजावीन, दुसऱ्या छापात बदलीन. विचारू नकोस. तिने म्हटलं त्या रूपावर तू चार वर्षं काम केलं आहेस, त्याचा अर्थ तुला मी सांगायला नको.

हाइजान म्हणाली, पोराला फार बोलू नका, त्याने वाक्य नीट लिहून घेतलं, एक अक्षर चुकवलं नाही. ती अशी आहे. मला तेवढं चांगलं होता येत नाही.

आणखी एक. आभारात माझं नाव बघून मी आधी हुरळून गेले, चष्मा लावून शेजारणीला दाखवलं. मग पुढचं वाचलं, 'दाखानागो, आत्या, भोजनव्यवस्थेबद्दल'. तो छाप पुन्हा निघणार असेल तर ते खोड. त्या जागी हाइजान बितोकोवा लिही, भाषेबद्दल. जान्सुरात त्यामुळे परत येणार नाही. तरी लिही. आणि लिहिण्याआधी कुणालाही विचारू नकोस.

तुझी आत्या,
दाखानागो